रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ४ वरून ५ वर जाताना जुने हॅट (त्यावर बसणाऱ्या जोडपाट्या) कितपत चालतील? आणि मे महिन्यात पॅनलमध्ये बोर्ड थंड कसा ठेवायचा?

रुईगाठ

नमस्कार मंडळी. वर्ध्याजवळच्या एका जिनिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये रास्पबेरी पाय ४ (४ जीबी) लॉगर (नोंदी साठवणारा) म्हणून बसवलेला आहे. आरएस-४८५ (दोन वायरींची सिरियल जोडणी) वर सहा एनर्जी मीटर आणि छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर, मोडबस आरटीयू (मीटर वाचण्याची भाषा), वेग ९६०० बॉड. आता त्याच बोर्डावर डेटाबेस, ग्राफाना (आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि वजनकाट्यावरचा एक कॅमेरा चढवायचा आहे. सततच्या लिहिण्याने एसडी कार्ड टिकत नाहीत, म्हणून एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) हवी. त्यासाठी ८ जीबीचा पाय ५ घ्यायचं ठरतंय.

सध्या बोर्डावर खालून वर असं आहे: पाय ४, त्यावर अधिकृत पीओई+ हॅट (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणारा, स्वतःचा छोटा पंखा असलेला), त्यावर आरएस-४८५ आणि कॅन (यंत्रांना जोडणारी आणखी एक बस) एकत्र असलेला हॅट. बाजूला जंपर वायरने जोडलेलं चार रिलेचं मॉड्यूल, आयटूसीवर (चिप जोडायची दोन वायरींची बस) डीएस३२३१ घड्याळ. कॅमेरा व्हर्जन २ आणलेला आहे, १५ पिनांच्या पट्टीसकट. कार्डावर बुल्सआय (पायच्या ओएसची जुनी आवृत्ती), आणि सगळ्या स्क्रिप्ट पायथनच्या आरपीआय.जीपीआयओ (पिना हाताळणारी लायब्ररी) वर.

यातलं काय तसंच उचलून पाय ५ वर ठेवता येईल? आणि पॅनल आयपी५४ (धूळ-शिंतोड्यांपासून बंद) आहे, जाळी नाही. हंगामात रुई उडते, ती प्रत्येक फटीत जाते. उन्हाळ्यात जिनिंग बंद असतं, पण सोलर चालू असतं आणि बाहेर ४५ अंश. पंखा लावावा की नुसता हीटसिंक?

बूटलोडर

चाळीस पिनांची पट्टी आणि चार भोकांची जागा तीच आहे, पण पट्टीच्या मागची चिप वेगळी आहे. पाय ४ मध्ये पिना थेट मुख्य प्रोसेसरला जोडलेल्या होत्या. पाय ५ मध्ये त्या आरपी-१ नावाच्या वेगळ्या चिपवर आहेत आणि प्रोसेसर तिच्याशी पीसीआयई (वेगवान अंतर्गत जोडणी) वरून बोलतो. तुमच्या यादीतली बरीचशी भानगड इथूनच निघते. एकेक घेतो. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर रोमनमध्येच टाका.)

पीओई+ हॅट: नाही. इथरनेटजवळच्या चार पिनांच्या पीओई पट्टीची जागा पाय ५ वर बदलली आहे, त्यामुळे जुन्या हॅटचं सॉकेट तिच्यावर येतच नाही. वायरी ओढून जोडायचा विचार मनात आला तर काढून टाका, त्या पिनांवर ४८ व्होल्टच्या आसपासचा दाब असतो. पाय ५ साठी म्हणून बनवलेला पीओई हॅट घ्या किंवा पीओई सोडा. पॅनलमध्ये २४ व्होल्ट आयते असतील तर मी सोडेन.

आरएस-४८५ आणि कॅन हॅट: हार्डवेअर चालेल. कॅनची एमसीपी२५१५ चिप एसपीआय (चिप जोडायची वेगळी बस) वर असते, तिला काही फरक पडत नाही. ओव्हरलेमध्ये (जोडलेलं हार्डवेअर सिस्टिमला ओळखवणारी कॉन्फिगची ओळ) क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी मात्र बोर्डावर छापलेली बघून टाका. ८ आणि १२ मेगाहर्ट्झ दोन्ही प्रकारचे बोर्ड बाजारात आहेत. चुकीची टाकली तर ‘कॅन०’ हा पोर्ट दिसतो पण काही बोलत नाही, आणि माणूस वायरिंग तपासत बसतो. कॅन वापरतच नसाल तर ओव्हरलेची ओळच टाकू नका, एसपीआय मोकळी राहील.

आरएस-४८५ ची गोम पोर्टच्या नावात आहे. पाय ४ वर तुम्ही बहुधा सिरियल० किंवा टीटीवाय-एस० उघडत असाल. पाय ५ वर सिरियल० हे टीटीवाय-एएमए-१० कडे जातं, आणि तो पोर्ट दोन एचडीएमआयच्या मधल्या तीन पिनांच्या डीबग कनेक्टरवर निघतो. पट्टीवरच्या १४ आणि १५ नंबरच्या जीपीआयओ साठी कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये ‘डीटीपॅरम=यूएआरटी०=ऑन’ टाका आणि स्क्रिप्टमध्ये टीटीवाय-एएमए-० द्या. एक फायदाही आहे: पाय ४ चा तो मिनी यूएआरटी (सिरियल पोर्ट) कोअर क्लॉकला बांधलेला होता, हा तसा नाही.

आरपीआय.जीपीआयओ: पाय ५ वर सुरूच होत नाही. ‘एसओसी पेरिफेरल बेस अ‍ॅड्रेस ठरवता येत नाही’ अशा अर्थाची रनटाइम एरर येते, कारण ही लायब्ररी जुन्या प्रोसेसरच्या रजिस्टरांना थेट हात घालते. स्क्रिप्ट बदलायच्या नसतील तर पायथन३-आरपीआय.जीपीआयओ हे पॅकेज आधी काढा आणि पायथन३-आरपीआय-एलजीपीआयओ बसवा. नाव तेच राहतं, खालून एलजीपीआयओ काम करतं. दोन्ही एकत्र ठेवू नका. पिगपीओ वापरत असाल तर ते चालणार नाही, तिथे कोड बदलावाच लागेल.

कार्ड: बुल्सआयचं कार्ड पाय ५ वर बूट होणार नाही. किमान बुकवर्म (त्यानंतरची आवृत्ती) लागतं. जुनं कार्ड अपग्रेड करत बसण्यापेक्षा नवीन ६४ बिट इमेज टाका आणि स्क्रिप्ट व डेटा हलवा. कॉन्फिग.टीएक्सटी आता बूट/फर्मवेअर या फोल्डरमध्ये असते. जुनी अख्खी फाइल त्यावर डकवू नका, लागतील त्या ओळी निवडून घ्या.

कॅमेरा: मॉड्यूल चालेल, पट्टी नाही. पाय ५ वर २२ पिनांचे, अर्धा मिलिमीटर अंतराचे दोन छोटे कनेक्टर आहेत. २२ ते १५ पिनांची पट्टी वेगळी घ्या. स्क्रिप्ट जुन्या पायकॅमेरा लायब्ररीवर असेल तर पायकॅमेरा२ वर आणावी लागेल.

घड्याळ: बोर्डावरच आरटीसी आहे, बॅटरीसाठी दोन पिनांचा कनेक्टर आहे. डीएस३२३१ आणि त्याची ओव्हरले दोन्ही काढून टाका, एक आयटूसी डोकेदुखी कमी. बॅटरी चार्ज करणं मुळात बंद असतं. चार्ज होणारी लिथियम-मँगनीज बॅटरी लावली असेल तरच ‘आरटीसी_बीबॅट_व्हीसीएचजी=३००००००’ ही सेटिंग द्या. साधा सीआर२०३२ सेल लावून चार्जिंग चालू करू नका, तो चार्ज करण्यासाठी बनलेलाच नाही.

तांबडी_तार

बूटलोडर यांनी पीओई सोडा म्हटलंय, त्याला धरून पॉवरबद्दल लिहितो. अर्ध्या तक्रारी इथेच असतात.

पाय ५ चा अधिकृत अडॅप्टर २७ वॅटचा, म्हणजे ५ व्होल्टला ५ अँपिअर. टाइप-सी वरच्या वाटाघाटीत ५ अँपिअर मिळतील असं बोर्डाला कळलं नाही तर तो ३ अँपिअर धरून चालतो आणि चारही यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरवर बांधून ठेवतो. फोनचा ६५ वॅटचा चार्जर लावला तरी हेच होतं, कारण असे बहुतेक चार्जर ५ व्होल्टला ३ अँपिअरच देतात. त्यांची खरी ताकद ९, १५, २० व्होल्टला असते.

तुमच्या पॅनलमध्ये २४ व्होल्टचा डीआयएन रेल एसएमपीएस (पॉवर सप्लाय) असेलच. त्यावरून २४ ते ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर घ्या, ५ अँपिअर सतत देणारा. लेबलवर ५ लिहिलेलं आणि हीटसिंक नसलेलं मॉड्यूल ४५ अंशांत ३ वर दमतं, म्हणून ८ ते १० अँपिअरचं घ्या. आउटपुट ५.१ व्होल्टला सेट करा, आणि बोर्ड जोडण्याआधी मीटर लावून बघा. ट्रिमपॉट कुठे फिरवून ठेवलेला येईल याचा भरवसा नसतो.

वायर: बोर्ड ४.६३ व्होल्टच्या आसपास अंडर-व्होल्टेज ओरडायला लागतो. १ चौरस मिमी तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम. एक मीटर जाऊन एक मीटर परत म्हणजे ०.०३६, आणि ५ अँपिअरला ०.१८ व्होल्ट पडतात. चालेल. तेच ०.५ चौरस मिमीला ०.३६ व्होल्ट, म्हणजे बोर्डावर ४.७४, काठावर. आणि बारीक जंपर वायर, समजा ०.२ चौरस मिमी, तिच्यात ०.९ व्होल्ट जातात. बोर्ड रीबूटच मारत बसेल. कन्व्हर्टर बोर्डापासून वीतभर अंतरावर ठेवा, २४ व्होल्टची वायर कितीही लांब जाऊ दे.

टाइप-सी ऐवजी पट्टीवरून पॉवर देणार असाल तर २ आणि ४ या दोन्ही ५ व्होल्ट पिना वापरा आणि किमान दोन ग्राउंड पिना. एका पिनेवर सगळा करंट टाकला की काही महिन्यांनी सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसतं. पट्टीवरून दिल्यावर टाइप-सी वरची ती वाटाघाट (पीडी) होत नाही, म्हणून बोर्ड पुन्हा ३ अँपिअर धरतो. आरपीआय-ईईप्रॉम-कॉन्फिग (बोर्डाच्या बूट सेटिंगची कमांड) उघडून ‘पीएसयू_मॅक्स_करंट=५०००’ लिहा. पण खरोखर तेवढी ताकद असेल तरच. ही सेटिंग करंट तयार करत नाही, फक्त बोर्डाला विश्वास ठेवायला सांगते. आणि पट्टीवरून उलट जोडलं तर बोर्ड गेला, म्हणून ध्रुव दोनदा तपासा.

कापॅसिटर_काका

आता थंडाव्याचं.

आधी आकडे नीट समजून घ्या. पाय ५ मध्ये ८० अंशांना प्रोसेसर वेग कमी करायला लागतो आणि ८५ ला जीपीयूसकट सगळं आवळतं. तुमचा प्रश्न ‘तापमान किती’ हा नाही, ‘सभोवतालच्या हवेपेक्षा किती वर’ हा आहे. आणि सभोवतालची हवा म्हणजे पॅनलच्या आतली, वर्ध्याची नव्हे. आयपी५४ बंद डब्यात एसएमपीएस, कॉन्टॅक्टरच्या कॉइल, इन्व्हर्टर ड्राइव्ह असेल तर तो, या सगळ्यांची उष्णता अडकून बसते. बाहेर ४५ असताना आत ५५ सहज असू शकतात. म्हणून पहिलं काम: जिथे पाय बसणार तिथे, म्हणजे पॅनलच्या दारात नव्हे, एक प्रोब लटकवा आणि दुपारी तीनला वाचा.

मग टेबलावर हे करा. कूलर लावलेला बोर्ड सावलीत ठेवा, स्ट्रेस-एनजी ने चारही कोअर अर्धा तास पूर्ण भरा, तापमान स्थिरावलं की त्यातून खोलीचं वजा करा. समजा खोली ३० आणि चिप ६२ ला थांबली, तर फरक ३२. पॅनलची हवा ५२ असेल तर ८४, म्हणजे वेग कमी होणार. पण तुमचा लॉगर चारही कोअर सतत भरत नाही. मीटर वाचणं, डेटाबेसात लिहिणं आणि अधूनमधून ग्राफ काढणं या खऱ्या भाराला हाच फरक मोजा. तो बराच कमी येईल. ठरवायचं ते या दुसऱ्या आकड्यावर.

नुसता छोटा चिकटवायचा हीटसिंक पाय ५ ला पुरत नाही, ते पाय ३ च्या काळातलं. पर्याय दोनच: अधिकृत अ‍ॅक्टिव्ह कूलर, किंवा सगळी पेटीच हीटसिंक असलेली जाड अ‍ॅल्युमिनियमची केस. तुमच्याकडे हॅट आहे म्हणून केस बहुधा बाद. झाकण बंद झालं तर हॅट बसत नाही आणि हॅट बसला तर झाकणाचा उपयोग नाही. पाय ४ ची केस तर तशीही चालणार नाही, इथरनेट आणि यूएसबीच्या जागांची अदलाबदल झाली आहे.

अ‍ॅक्टिव्ह कूलर दोन स्प्रिंगच्या पिनांनी बोर्डाच्या खास भोकांत बसतो. पाय ४ ला ती भोकं नाहीत, त्यामुळे हा कूलर पाय ४ ला बसत नाही. बसवताना पॅडवरची पारदर्शक पट्टी काढा, चारी बाजू समांतर खाली आणा, मग एका दमात दोन्ही पिना दाबा. पिना प्लास्टिकच्या आहेत. सारखा काढ-घाल केला की पकड ढिली होते आणि पॅडही फाटतो. म्हणून कूलर बसवण्याआधी बाकी सगळी जुळवाजुळव नक्की करा.

आता हॅट त्याच्या वर कसा बसेल. नेहमीच्या हॅटचं अंतर ११ मिमीच्या आसपास असतं. त्यात कूलर कसाबसा मावला तरी ब्लोअर वरून हवा ओढतो आणि त्याच्या तोंडावर हॅटची पाटी येते. १६ मिमी किंवा जास्त उंचीचा स्टॅकिंग हेडर आणि तेवढ्याच उंचीचे एम२.५ चे पितळी खांब घ्या. खांबाची आणि हेडरची उंची जुळली नाही तर पट्टीच्या एका टोकाला पिना अर्ध्याच बसतात, आणि नेमकी आयटूसी किंवा यूएआरटी अधूनमधून तुटते. शोधायला सगळ्यात त्रासदायक दोष हा.

आणि तुमच्या आरएस-४८५ हॅटच्या स्क्रू टर्मिनलचे सोल्डर केलेले पाय खाली किती बाहेर आलेत ते बघा. ते हीटसिंकच्या पंखांना टेकले तर मोडबसची जोडी थेट ग्राउंडला. टर्मिनलचे ते पाय कापा आणि हॅटच्या खाली कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप) लावा. अ‍ॅनोडाइज्ड आहे म्हणून इन्सुलेटेड आहे असं धरू नका.

एनव्हीएमई बोर्डाच्या खाली बसणाऱ्या पाटीवर घ्या. वर घेतली तर कूलरची गरम हवा एसएसडीवर आणि एसएसडीची गरमी कूलरवर, शिवाय वर आरएस-४८५ ला तिसरा मजला. खाली घेतली तर वर फक्त कूलर आणि हॅट. पीसीआयईची पट्टी तेवढी काळजीने वळवा. मुडपून घडी पडली की ड्राइव्ह कधी दिसते, कधी नाही.

बूटलोडर

काकांच्या एनव्हीएमई बद्दल दोन ओळी. हॅट+ प्रकारची नसलेली पाटी असेल तर बोर्ड तिला आपणहून ओळखत नाही. कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये ‘डीटीपॅरम=पीसीआयईएक्स१’ आणि बूटसाठी ईईप्रॉममध्ये ‘पीसीआयई_प्रोब=१’. बूट क्रमाला ०एक्सएफ४१६. तो उजवीकडून वाचायचा: ६ एनव्हीएमई, १ एसडी, ४ यूएसबी, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पीसीआयईची जेन ३ (जास्त वेगाची पिढी) चालू करायच्या मोहात पडू नका. बोर्ड जेन २ साठीच प्रमाणित आहे, त्यात सेकंदाला ४०० एमबीच्या वर मिळतात आणि सात मोडबस उपकरणं मिळून एक एमबी भरायला तास लावतील.

पीसीआयई पट्टीतून ५ व्होल्टवर ५ वॅटच मिळतात. भुकेली डेस्कटॉप एसएसडी नको, २२३० किंवा २२४२ या छोट्या मापाची कमी खाणारी घ्या.

मागचीपाटी

एक प्रामाणिक शंका. सात उपकरणं ९६०० बॉडला वाचायला पाय ५ कशाला? पाय ४ ला यूएसबी ३ वर एसएसडी लावा, कार्ड मरण्याचा प्रश्न मिटला. पीओई हॅट, केस, स्क्रिप्ट सगळं तसंच राहील. उष्णताही कमी. ग्राफाना पाय ४ वर आरामात चालतो.

कापॅसिटर_काका

मागचीपाटी, मुद्दा खरा आहे. नुसता लॉगर असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण कॅमेऱ्यावर ते काय करणार यावर आहे. फक्त वजनकाट्याचा फोटो काढून ठेवायचा असेल तर पाय ४ पुरे. गाडीचा नंबर वाचायचा असेल तर पाय ५ चा फरक रोज जाणवेल. रुईगाठ, हे तुम्ही सांगा.

रुईगाठ

नंबर वाचायचाच आहे, हंगामात गाड्यांची रांग लागते. त्यामुळे पाय ५ पक्का.

पण रुईचं काय? ब्लोअरच्या पात्यांत ती गुंडाळून बसेल अशी भीती आहे.

कापॅसिटर_काका

बसेलच. रुईचा तंतू धुळीसारखा उडून जात नाही, हीटसिंकच्या दोन पंखांच्या मधे नमद्यासारखा दाबला जातो आणि हवा पुढे जाणं बंद होतं. पंखा फिरतोय, आवाज येतोय, आणि तापमान चढतंय, असं दृश्य दिसतं. पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट सोयीची आहे: रुईचा काळ आणि उन्हाचा काळ वेगळा आहे. रुई दिवाळीनंतर, ऊन मार्चनंतर. हंगाम संपला की एकदा पॅनल उघडून साफ करा, उन्हाळा निर्धास्त.

दरम्यान पंखा कमी फिरेल असं करा. मूळ सेटिंगमध्ये तो ५० अंशांना सुरू होतो, मग ६०, ६७.५ आणि ७५ ला वेग वाढवत जातो. तुमच्या पॅनलची हवाच ५० च्या आसपास असेल तर तो कधी थांबणारच नाही आणि वर्षभर रुई ओढत राहील. कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये असं द्या:

डीटीपॅरम=फॅन_टेम्प०=६००००
डीटीपॅरम=फॅन_टेम्प१=६६०००
डीटीपॅरम=फॅन_टेम्प२=७१०००
डीटीपॅरम=फॅन_टेम्प३=७५०००

आकडे मिलिअंशांत आहेत, शेवटची तीन शून्यं विसरलात तर पंखा कायम पूर्ण वेगात. परत बंद होण्यासाठी ५ अंशांचं अंतर आधीपासूनच असतं, ते बदलू नका; कमी केलं तर पंखा दर मिनिटाला चालू-बंद होत राहतो.

दुसरं, वेग कापा. ‘आर्म_फ्रीक=१८००’ द्या. २.४ गिगाहर्ट्झला व्होल्टेजही चढतं, त्यामुळे शेवटचे ६०० मेगाहर्ट्झ त्यांच्या लायकीपेक्षा जास्त उष्णता देतात. नंबर वाचायला अर्धा सेकंद उशीर झाला तर ट्रॅक्टरवाला काही पळून जात नाही.

पॅनलमध्ये जागा: तळाला, एसएमपीएस आणि कॉन्टॅक्टरच्या खाली, बोर्ड उभा. वर ठेवलात तर सगळ्या पॅनलची गरमी त्याच्या अंगावर. बंद पॅनलमध्ये आतला पंखा फक्त आतली हवा ढवळतो हेही ध्यानात घ्या. उष्णता शेवटी पत्र्यातूनच बाहेर जाते. पॅनलवर थेट ऊन पडत असेल तर वर पत्र्याची एक पडदी आणि मधे चार बोटं फट, याने जे होईल ते कुठल्याही कूलरने होणार नाही.

पंखा खरंच फिरतोय का हे स्क्रिप्टमधून बघता येतं. सिस्टिमच्या हार्डवेअर मॉनिटर फोल्डरमध्ये कूलिंग_फॅनखाली फॅन१_इनपुट मध्ये आरपीएम मिळतात. तेही त्याच डेटाबेसात टाका. आरपीएम आहेत, तापमान मात्र त्याच भाराला हळूहळू वर सरकतंय, म्हणजे रुई भरली. आरपीएम शून्य आणि तापमान ७० च्या वर, म्हणजे पंखा अडकला किंवा चार पिनांचा तो इवलासा कनेक्टर निसटला.

रुईगाठ

धन्यवाद सगळ्यांना. सामान आलं, टेबलावर जोडलं. दोन अडचणी आहेत.

एक: मोडबसला फक्त टाइमआउट येतोय. पोर्ट उघडतो, एरर नाही, पण एकही मीटर उत्तर देत नाही. टीटीवाय-एएमए-० दिलेला आहे.

दोन: व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड (बोर्डाचा वेग कापला गेला का ते सांगणारी कमांड) ला ०एक्स५०००० येतं. तापमान तर ५५ च्या वर गेलेलं नाही, मग थ्रॉटल कशाने?

तांबडी_तार

दुसऱ्याचं उत्तर: ते तापमान नाही, व्होल्टेज आहे. हा आकडा बिटांचा आहे. बिट ० म्हणजे आत्ता व्होल्टेज कमी, बिट १ वेगावर मर्यादा, बिट २ आत्ता थ्रॉटल, बिट ३ तापमानाची मऊ मर्यादा. हेच चार बिट १६ ते १९ वर पुन्हा येतात आणि त्यांचा अर्थ ‘बूट झाल्यापासून कधीतरी झालं’. ०एक्स५०००० म्हणजे बिट १६ आणि १८: कधीतरी व्होल्टेज पडलं आणि त्यामुळे वेग कापला गेला. तापमानामुळे असतं तर १९ वा बिट लागला असता आणि ०एक्स८०००० किंवा ०एक्सई०००० असं काही दिसलं असतं.

व्हीसीजेनसीएमडी पीएमआयसी_रीड_एडीसी चालवा आणि ईएक्सटी५व्ही ची ओळ बघा. स्ट्रेस-एनजी चालू असताना ४.८ च्या खाली जात असेल तर वायर किंवा कन्व्हर्टर. टेबलावर कशाने पॉवर देताय?

रुईगाठ

बक कन्व्हर्टरच, पण टेबलावर तात्पुरत्या बारीक वायरी, दोन फुटांच्या.

तांबडी_तार

मग दुसरं कारण शोधूच नका. जाड वायर लावा, रीबूट करा म्हणजे जुने बिट पुसले जातील, आणि पुन्हा बघा. ०एक्स० आलं पाहिजे.

बूटलोडर

पहिल्याचं: यूएआरटी० ची ओळ टाकलीत, पण कन्सोल त्याच पोर्टवर बसलेला नाही ना ते बघा. सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये कन्सोल=टीटीवाय-एएमए-० असेल तर तेवढा तुकडा काढा; ती फाइल एकाच ओळीत राहिली पाहिजे, मधे एंटर पडला तर बोर्ड बूट होणार नाही.

मग पिनकंट्रोल ही कमांड १४ आणि १५ साठी चालवा (जुन्या रास्पी-जीपीआयओ ची जागा हिने घेतली आहे). टीएक्सडी आणि आरएक्सडी अशी नावं दिसली पाहिजेत. नुसतं इनपुट दिसलं तर ओव्हरले लागलेलीच नाही. नावं बरोबर असतील तर हॅट काढून १४ आणि १५ एका जंपरने जोडा, मिनीकॉममध्ये टाइप करा. टाइप केलेलं परत आलं तर पाय ठीक, दोष हॅटच्या पुढे आहे.

कापॅसिटर_काका

आणि हॅटच्या पुढे म्हणजे ए-बी अदलाबदल. मीटरवाल्यांची ए आणि बी ची नावं एकमेकांशी जुळत नाहीत. दोन वायरी बदलून बघा, याने काही जळत नाही. नवा उंच हेडर पूर्ण खाली बसलाय का तेही नखाने दाबून बघा. १४ आणि १५ चे जीपीआयओ म्हणजे पट्टीवरच्या ८ आणि १० नंबरच्या पिना, टोकाकडच्या. उंचीत अर्धा मिमी फरक असला तर आधी टोकच उचललं जातं.

रुईगाठ

पिनकंट्रोलला इनपुटच दिसत होतं. ओळ मी कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये सीएम५ (वेगळ्या बोर्डासाठीच्या) नावाच्या कंसाखाली टाकली होती, ती ‘ऑल’ खाली आणल्यावर टीएक्सडी-आरएक्सडी आले आणि सातही उपकरणं वाचतायत. जाड वायरीने ०एक्स० सुद्धा आलं.

शेवटचं एक. रिले मॉड्यूल जोडल्यावर रिले चालू होतात पण बंद करताना नीट सुटत नाहीत, एलईडी मंद पेटलेला राहतो.

तांबडी_तार

मॉड्यूलची व्हीसीसी ५ व्होल्टला जोडली आहे आणि इनपुट लो-ला चालणारं आहे. पिन हाय केली तरी ती ३.३ वरच थांबते, उरलेले १.७ व्होल्ट ऑप्टोकपलरच्या (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारी चिप) एलईडीवर राहतात. जेडी-व्हीसीसी आणि व्हीसीसी मधला जंपर काढा. व्हीसीसी ला पट्टीवरून ३.३ व्होल्ट, जेडी-व्हीसीसी ला ५ व्होल्ट, तेही बक कन्व्हर्टरवरून थेट, पाय च्या पिनेवरून नको. आणि पॅनलमधले कॉन्टॅक्टर या रिलेंवर असतील तर त्यांच्या कॉइलला एसी असल्यास आरसी स्नबर, डीसी असल्यास उलटा डायोड लावूनच पॅनल बंद करा.